पहिला स्मार्टफोन: पाटण खोऱ्यातल्या मावशीचं प्रकरण

माझी मावशी ६२ वर्षांची आहे. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात राहते. काका एसटीत वाहक होते. ते गेल्यापासून तिला ईपीएस-९५ म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) निवृत्तिवेतन योजनेतून विधवा निवृत्तिवेतन मिळतं, रक्कम फार नाही. जोडीला एक म्हैस, थोडी भातखाचरं आणि गावातला महिला बचत गट. शिक्षण सातवीपर्यंत. मराठी पेपर चष्मा लावून सगळा वाचते. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण शब्द लागत नाही. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मुलगा चाकणला कारखान्यात, मुलगी नाशिकला. मी कऱ्हाडला राहते, त्यामुळे बँक, दवाखाना, कागदपत्रं यांपैकी काही निघालं की फोन मला येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कुठला फोन घ्यावा, असं ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात, आणि त्यांना उत्तरात एक मॉडेल आणि एक किंमत हवी असते. मावशीच्या बाबतीत मॉडेल ठरवायला अर्धा तास लागला. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे जे करावं लागलं ते जास्त महत्त्वाचं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

विषय निघाला कुठून

२०२५ च्या पावसाळ्यात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. ईपीएस-९५ चा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. तो संपला की निवृत्तिवेतन थांबतं आणि नवा दाखला दिल्यावर थकबाकीसकट सुरू होतं. मावशी सेवा केंद्रात गेली, तर यंत्र तिचा अंगठा घेईना. दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग हात पुसून पुन्हा. भातलावणी, शेणाघाण, राखेने घासलेली भांडी यांत बोटांवरच्या रेषा झिजून जातात. शेतात राबलेल्या बायकांना हा अनुभव वरचेवर येतो, आणि त्यांना तिथे ओशाळं व्हावं लागतं हे मला फार खटकतं. चूक त्यांची काहीच नसते.

यावर उपाय आहे. नोव्हेंबर २०२१ पासून हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवरही देता येतो. फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अॅप घ्यायची, कॅमेऱ्यासमोर बसायचं, पापण्या मिटायच्या-उघडायच्या. मावसभाऊ म्हणाला, मग आईला स्मार्टफोनच घेऊन टाकू.

पण या कामासाठी स्वतःचा फोन लागतच नाही. फोन कुणाचाही चालतो, चेहरा तेवढा निवृत्तिवेतनधारकाचा हवा. भाऊ पुढच्या सुट्टीला आला आणि त्याच्याच फोनवरून दाखला देऊन झाला. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी दहा-बारा हजारांची वस्तू घ्यायची का, असं मी त्याला विचारलं. घ्यायची असेल, तर बाकीचे दिवस मावशी तिचं काय करणार?

म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले आणि दिवसभरात कुठे कुठे फोन लागतो किंवा अडतो ते वहीत लिहीत गेले. दुकानात जाण्याआधीचं हे काम मी कुणालाही टाळू देणार नाही. मावशीच्या बाबतीत वहीत उतरलं ते असं: बचत गटाचे निरोप व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येतात आणि तिला ते शेजारणीकडून दुसऱ्या दिवशी कळतात, एकदा बैठकीची वेळ बदलली, ती जुन्या वेळेला जाऊन बसली होती. नाशिकच्या नातीशी व्हिडिओवर बोलायचं तर शेजारच्या घरी जावं लागतं, आणि ‘दुसऱ्याच्या फोनवर किती येळ बोलायचं?’ म्हणून ती दोन मिनिटांत आवरतं घेते. बीपीच्या गोळ्यांची पट्टी संपत आली की नाव वाचून सांगता येत नाही. फोटो पाठवता आला तर काम एका क्षणाचं. दूध संकलनाचा मेसेज इंग्रजी अक्षरांत येतो, तो शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावा लागतो.

तिला काय नको हेही लिहून घेतलं. फोनवरून पैसे देणं तिला नको होतं. “पैशाचं त्यात काय घालू नगस,” हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि एक अट: “फोन वाजला की मला उचलता आला पायजे. बाकीचं जमंल तसं जमंल.”

समोर असलेले पर्याय

भावाचा जुना फोन पडून होता आणि घरातल्या सगळ्यांचा कल तिकडेच होता. नवशिक्या माणसाला जुना फोन द्यायचा, बिघडला तरी हरकत नाही, असा विचार असतो. मी याच्या पूर्ण विरोधात होते. त्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत टिकत नव्हती, काच कोपऱ्यात तडकलेली होती आणि कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं केव्हाच थांबलं होतं. सरावलेला माणूस असा फोन सांभाळून घेतो. ज्याला येत नाही त्याचा फोन मध्येच अडला, की त्याला वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. तो फोन बाजूला ठेवतो आणि पुन्हा हात लावत नाही.

दुसरा पर्याय ४जी कीपॅड फोनचा. याचा आम्ही मनापासून विचार केला. बटणं ओळखीची, बॅटरी चांगली चालते, किंमत हजार-दीड हजारांपासून. जिओभारतसारख्या फोनांत यूपीआयची सोय असते. आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ सुरू केल्यापासून अगदी साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. पण मावशीला पैसे पाठवायचेच नव्हते. तिला ग्रुपवरचे निरोप, नातीचा चेहरा आणि गोळ्यांच्या पट्टीचा फोटो हवा होता. जिओफोनसारख्या, कायओएस या कीपॅड फोनांच्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनांत पूर्वी व्हॉट्सअॅप होतं, २०२५ मध्ये तेही बंद झालं. ज्यांना फक्त बोलायचंय त्यांच्यासाठी कीपॅड फोन आजही उत्तम आहे, त्यांना स्मार्टफोनचा आग्रह करू नये. मावशीचं काम मात्र त्याने होणार नव्हतं.

राहिला नवा स्मार्टफोन. यातही खर्चाची एक बाजू दुकानात कुणी सांगत नाही. रोज दीड जीबी डेटाचा २८ दिवसांचा पॅक तीनशे रुपयांच्या आसपास पडतो. वर्षाला असे तेरा पॅक, म्हणजे सुमारे ३९०० रुपये. तीन वर्षांत रिचार्जवरच अकरा-बारा हजार जातात, जवळजवळ फोनची किंमत. तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून हे झेपत नाही. भावाने रिचार्ज आपल्याकडे घेतलं आणि मगच आम्ही पुढे गेलो. रोजचा दीड जीबी मावशीला लागणारही नव्हता, म्हणून बोलणं भरपूर आणि डेटा थोडा असा पॅक शोधला.

दुकानात

कऱ्हाडच्या बाजारात विक्रेत्याने समोर मांडलं ते नेहमीचंच: ५० मेगापिक्सेल, ८ जीबी रॅम, वेगवान चार्जिंग, हप्त्याने घेतलात तर वीस हजारांचा. मावशी खुर्चीत बसून होती आणि सगळं बोलणं माझ्याशी चाललं होतं. ज्याच्यासाठी फोन घ्यायचाय त्याच्या हातात तो कुणी देतच नाही. मी फोन मावशीकडे दिला.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल दोन गोष्टी सांगून पुढे जाते. ‘८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं तिथे पुष्कळदा खरी रॅम ४ जीबीच असते. उरलेली साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली असते आणि खऱ्या रॅमच्या वेगाने ती चालत नाही. मागच्या बाजूला तीन-चार भिंगं दिसली तरी स्वस्त फोनात कामाचं एकच असतं. व्हॉट्सअॅप, व्हिडिओ कॉल आणि जीवन प्रमाण यांसाठी खरी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही मी किमान मर्यादा धरली. जागा १२८ मिळाली तर बरंच, कारण ग्रुपवरची सुप्रभाताची चित्रं जागा भराभर खातात.

खऱ्या चाचण्या वेगळ्या होत्या. प्रत्येक फोनमध्ये भाषा मराठी केली आणि अक्षरं सर्वांत मोठी केली. काही फोनांत एवढ्या मोठ्या अक्षरांत ओळी कापल्या जात होत्या, बटणावरचा शब्द अर्धाच दिसत होता. ते तिथेच बाद. मग दुकानाबाहेर उन्हात जाऊन पडदा दिसतो का ते पाहिलं, कारण मावशी दिवसाची कामं अंगणात आणि गोठ्यात करते. रस्त्यावरच्या गोंगाटात रिंग ऐकू येते का तेही पाहिलं. आणि शेवटी मी माझ्या फोनवरून कॉल लावला: उचल.

इथे अडलं. बहुतेक स्मार्टफोनांवर कॉल घ्यायला बोट काचेवरून सरकवावं लागतं. मावशी दाबत होती, फोन वाजतच होता. शिवाय तिच्या कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांना काच दाद देत नव्हती. टचस्क्रीन बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ओळखते, आणि जाड कोरडी कातडी त्यात आडवी येते. सेवा केंद्रातल्या अंगठ्याचं दुखणं इथेही होतंच, फक्त कारण वेगळं. “माझ्यानं ही सरकवासरकवी हुयाची न्हाई बग,” म्हणून तिने फोन खाली ठेवला.

सॅमसंगच्या फोनात स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सेटिंग असते आणि आवाज वाढवायचं बाजूचं बटण दाबून कॉल उचलण्याचीही सोय असते. मी दोन्ही चालू केलं आणि पुन्हा कॉल लावला. बाजूचं खरं बटण अंगठ्याला लागलं, कॉल उचलला गेला. तिची अट एवढीच होती आणि ती इथे पूर्ण झाली.

तरीही निर्णय नुसत्या बटणावर झाला नाही. मावशीच्या शेजारी नववीतली एक मुलगी आहे, दूध मोजायला रोज संध्याकाळी येते. तिच्या घरात सॅमसंगचाच फोन आहे. मी कऱ्हाडला, भाऊ चाकणला. मावशीचं बोट अडेल तेव्हा मदतीला येणार ती हीच. आपल्या घरच्या फोनवर जे चिन्ह जिथे असतं तेच चिन्ह मावशीच्या फोनवर तिथेच असेल, तर ती न शोधता दाखवू शकते. शिकणाऱ्याच्या सर्वांत जवळ राहणाऱ्याकडे जो फोन असेल त्याच कंपनीचा घ्यावा, असं माझं ठाम मत यातून झालं. चाकणच्या भावाकडे दुसऱ्या कंपनीचा, जास्त किमतीचा फोन आहे आणि त्याला तोच आईलाही घ्यायचा होता. त्याच्याशी यावर बरंच बोलावं लागलं.

दहा हजारांच्या आतला फोन घेतला. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण ती सहा-आठ महिन्यांत बदलतात. विचारायचं ते एवढंच: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? चार वर्षं मिळणारा फोन त्याच किमतीत मिळत होता, तर दोन वर्षांवाला घ्यायचं कारण नव्हतं. गावात ५जी पोहोचलेलं नाही, त्यासाठी जादा पैसे मोजले नाहीत. या फोनात ते होतं, एवढंच. खोक्यात चार्जर नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला. पैसे देण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक काढला आणि खोक्यावरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी जुळवला. तो क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासता येतो.

विक्रेता तिथेच गुगल खातं उघडून द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. दुकानात घाईत उघडलेल्या खात्याचा पासवर्ड पुढे कुणालाच माहीत नसतो, आणि फोन कधी पूर्ण पुसून सुरू करावा लागला तर तो जुनंच खातं मागतो. फोन हातात असून बंद. खातं आम्ही घरी, मावशीच्या नावाने, तिच्याच नंबरवर उघडलं. अडचणीसाठी भावाचा नंबर जोडला आणि पासवर्ड देवघराच्या कपाटातल्या वहीत लिहिला.

नंबरचं प्रकरण

फोनपेक्षा जास्त वेळ सिमने खाल्ला. मावशीचा नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला आहे, तो बदलून चालणार नव्हता. पण ते सिम काकांच्या नावावर होतं. जुनं, मोठ्या आकाराचं, ४जी न चालणारं. कंपनीच्या गॅलरीत आधी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा कागद देऊन नंबर मावशीच्या नावावर करावा लागला. तिथेही अंगठा विचारलाच. मग कागदपत्रं आणि समोर काढलेला फोटो यांवर काम झालं. बायकांचे नंबर नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर असणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे, की फोन घ्यायचा विचार नसला तरी हे काम आधी करून ठेवावं असं मी सगळ्यांना सांगते.

त्याच नंबरचं सिम बदलून नवं घातलं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. कुणीतरी परस्पर दुसरं सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून हा नियम आहे. पण त्या दिवशी व्हॉट्सअॅप सुरू करायला बसलं तर ओटीपी येत नाही आणि फोनच खराब निघाला असं वाटतं. आम्ही त्या दिवशी फक्त कॉल घेण्याचा सराव केला. जुन्या फोनच्या मेमरीतले नंबर सिमवर नव्हतेच. ते एकेक करून भरले आणि प्रत्येकाला फोटो लावला. मावशी आता नाव न वाचता चेहऱ्यावरून फोन लावते.

पहिले आठवडे

फोनवर ‘ईझी मोड’ लावला. पडद्यावर सहा मोठी चिन्हं ठेवली: फोन, व्हॉट्सअॅप, कॅमेरा, फोटो, टॉर्च, यूट्यूब. बाकी सगळं आत. खालची तीन बटणं ठेवली, बोट सरकवून मागे जाण्याची पद्धत बंद. मावशी चिन्ह जोर लावून, वेळ लावून दाबायची, त्यामुळे ते उचललं जाऊन दुसरीकडेच पडायचं. म्हणून पडद्याची मांडणी कुलूपबंद केली आणि धरून ठेवण्याचा वेळ वाढवला. बोटाच्या ठशाचं कुलूप लावलं नाही, झिजलेल्या बोटांना ते उघडलं नसतं. आकड्यांचा पिन ठेवला. काकांचा बिल्ला क्रमांक तिला पाठ आहे, त्यातूनच तिने तो मनाने बनवला आणि आम्हाला सांगितला नाही. हे मला फार आवडलं.

शिकवताना एका आठवड्यात एकच गोष्ट. आधी कॉल घेणं आणि लावणं, मग नातीचा व्हिडिओ कॉल, मग फोटो काढून पाठवणं. लिहिणं शिकवलंच नाही. व्हॉट्सअॅपवर माइकचं चिन्ह धरून बोलायचं, की निरोप जातो. बचत गटातल्या आणखी दोन बायका आता तसंच करतात. प्रत्येक वेळी फोन तिच्या हातात राहील आणि शिकवणाऱ्याचं बोट काचेला लागणार नाही, हा नियम नववीतल्या मुलीने माझ्यापेक्षा नीट पाळला. मी अधीर होऊन हात पुढे करायचे, ती दोन्ही हात मागे बांधून उभी राहायची आणि “आज्जी, ते हिरवं” एवढंच म्हणायची.

सुरक्षेचं शिक्षण भीती न घालता द्यायचं होतं. व्हॉट्सअॅपवर अनोळखी कॉल गप्प केले आणि ओळखीच्यांशिवाय कुणी ग्रुपमध्ये घालू नये अशी सेटिंग केली. प्ले स्टोअरच्या बाहेरून अॅप घेण्याची परवानगी बंद ठेवली, कारण लग्नपत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून येणाऱ्या फाइलींतून खाती रिकामी झाल्याची उदाहरणं आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पैसे गेल्यासारखे वाटले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सध्या

यंदाचा हयातीचा दाखला मावशीच्या स्वतःच्या फोनवरून झाला. सोप्यात अंधार होता तिथे चेहरा घेतला गेला नाही, अंगणात पाटावर बसली आणि झाला. घराच्या मागच्या खोलीत नेटवर्क अजून येत नाही, तिथे व्हिडिओ तुटतो. तेवढ्यासाठी कंपनी बदलावी का हे ठरायचंय. दुधाचा मेसेज मात्र आजही ती मुलीकडूनच वाचून घेते, आणि त्याला फोनमध्ये काही उपाय सापडलेला नाही.

यूपीआयवर मायलेकांचं जमत नाही. भाऊ म्हणतो, किराणावाल्याचे सुटे पैसे तरी वाचतील. मावशी नको म्हणते आणि मी तिच्या बाजूने आहे, कारण निवृत्तिवेतनाचं खातं फोनला जोडायची गरज आम्हाला दिसत नाही. तोडगा म्हणून दुधाच्या पैशांसाठी दुसऱ्या बँकेत वेगळं खातं उघडून त्यात हजारभर रुपयेच ठेवायचे आणि जोडायचं तर तेच, असं बोलणं झालंय. तेही दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, आकडे तिला स्वतःला स्वच्छ दिसायला लागले की.